दारापासून पलंगापर्यंत

३ मार्च, सोमवार

आज नोकरीचा पहिला दिवस. आठवीत शाळा सुटल्यापासून जी जी कामं केली त्यांत बसायला खुर्ची कधी मिळाली नव्हती. इथे खुर्ची आहे, टेबल आहे आणि टेबलाच्या खणाला किल्लीसुद्धा आहे. त्या आनंदात ही वही घेतली. रोज लिहायचं, खाडाखोड करायची नाही आणि शंका आली तर शब्दकोश उघडायचा, असं ठरवलं आहे.

आमचं संशोधन केंद्र म्हणजे एका बंद पडलेल्या धुलाई कारखान्याचा वरचा मजला. भिंतींना अजून साबणाचा वास आहे. मला तो फार आवडला. मुख्य डॉक्टरीणबाई बोलताना पेनाचं टोपण चावतात. त्यांनी आम्हा नव्या लोकांना बसवून कामाचा हेतू समजावला. अंथरुणाला खिळलेली माणसं शहरात वाढत चालली आहेत, घरचे त्यांना टाकून देतात आणि निराधारगृहात पाय ठेवायला जागा नाही. बाई म्हणाल्या की लोक दुष्ट असतात म्हणून आईबापांना टाकत नाहीत, पोट ढवळतं म्हणून टाकतात. माया तशीच असते, नाक मध्ये येतं. म्हणून त्यांनी किळसच बंद करणारं औषध तयार केलं आहे. सेवा करणाऱ्या माणसाने रोज सकाळी दुधातून तीन थेंब घ्यायचे. वीस घरं निवडली आहेत. दहांना औषध, दहांना नुसतं पाणी. कोणाला काय ते आम्हाला सांगणार नाहीत.

माझी निवड गमतीशीर झाली. लांब टेबलाच्या टोकाला एक बरणी ठेवली होती. त्यात नासकं दूध, अंडं आणि माशाची चरबी ठरलेल्या मापाने कालवलेली असते. तिच्याकडे चालत जायचं आणि पोटात ढवळलं की थांबायचं. बाकीचे पाच उमेदवार बरणीला नाक लावून आले. मी चार फुटांवर थांबलो. तीनदा चालायला लावलं, तिन्ही वेळा चार. बाई म्हणाल्या, हा माणूस नाही, फूटपट्टी आहे.

घरी ताईला सांगितलं तर म्हणाली, जन्मभर नाकाने कांदे सोललेस, आता त्याचा पगार मिळणार म्हणायचा.

४ मार्च, मंगळवार

काम नीट लिहून ठेवतो, म्हणजे चुकणार नाही.

सकाळी पहिल्यांदा बरणी. चार फुटांवर थांबलो तरच माझं नाक त्या दिवसापुरतं बरोबर धरायचं. कमीजास्त झालं तर त्या दिवसाची सगळी मापं रद्द. मग घरोघर जायचं. रोग्याच्या पलंगापासून दारापर्यंत फीत अंथरायची, दारातून चालायला लागायचं आणि ओकारी येईलसं वाटलं की थांबून फीत वाचायची. पलंगाशी शून्य. आकडा जितका मोठा तितकी खोली घाण. वायू मोजायला यंत्रं आहेत, पण माणूस दारातून परत फिरेल की नाही ते यंत्राला कळत नाही, असं बाईंचं म्हणणं.

गाडी चालवणारे चालककाका माझ्यासोबत असतात. पोट सुटलेलं, तोंड सुटलेलं. मला नाकवाले म्हणतात. ते आत कुठेच येत नाहीत. म्हणतात, माझं काम चाकांचं, नाकाचं तुमचं.

आज चौदा नंबरचं घर पाहिलं. सून आणि तिचा सासरा, दोघंच राहतात. सासऱ्याचे पाय गेलेले. खोलीत शिरायच्या आधीच तो वास अंगावर आला. गोडसर, कोमट, जिभेवर बसणारा. मी उंबऱ्यातच थांबलो. अकरा फूट. सून तोंडाला पदर लावून, मान वळवून, हात लांब करून त्याच्या तोंडात पेज घालत होती. निम्मी पेज त्याच्या गळ्यावर सांडत होती. म्हातारा डोळे मिटून होता. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती हे अकरा फुटांवरूनही दिसत होतं.

७ मार्च, शुक्रवार

चौदा नंबरच्या सुनेबद्दल एवढं लिहिलं, पण आमच्या घरी वेगळं काय आहे?

मावशीने ताईला आणि मला वाढवलं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. सप्टेंबरात मावशीचं उजवं अंग गेलं. बोलते, पण शब्द ओठातून ओघळतात. पाठीला जखम पडली आहे, तळहाताएवढी. ताई घरीच शिवणकाम करते आणि तिचं सगळं करते. करते आणि मोरीत जाऊन ओकते. मी तर तिच्या खोलीच्या दाराशीच उभा राहतो. तिथूनच विचारतो, मावशी, कशी आहेस? ती म्हणते, बरी आहे रे राजा, तू जा, उशीर होईल.

ज्या बाईने माझं सगळं काढलं तिच्याजवळ मला जाता येत नाही. या विचाराने जेवण जात नाही.

ताई आज पुन्हा म्हणाली की आता तिच्याच्याने होत नाही, निराधारगृहात नाव घालू. मावशीने ऐकलं असावं. तिथे हात बांधून ठेवतात अशी तिला धास्ती आहे. मी ताईला म्हटलं की काही झालं तरी मावशी याच घरात राहील. ताई म्हणाली, हो तर, उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातं?

१० मार्च, सोमवार

एका घरातल्या रोग्याला त्याच्या मुलाने दुसऱ्या गावी नेलं. विसाची संख्या मोडली. बाईंनी सगळ्यांना विचारलं, अंथरुणाला खिळलेलं कोणी ओळखीचं आहे का? मी हात वर केला. कर्मचाऱ्याचं घर घ्यायचं नाही असा नियम आहे, पण बाई म्हणाल्या, तू फक्त स्वतःच्या घराचं माप घेऊ नकोस, म्हणजे झालं.

संध्याकाळी ताईच्या हातात बाटली दिली. पाणीही निघू शकतं, हे सांगितलं. ती म्हणाली, विष निघालं तरी घेईन.

१४ मार्च, शुक्रवार

पाणी नाही. औषधच आहे.

काल ताई गाणं गुणगुणत मावशीची जखम पुसत होती. चेहरा वळवला नाही, श्वास कोंडला नाही. तिचं डोकं मांडीवर घेऊन तिचे केस विंचरले. मी दारातून पाहिलं. मावशी रडत होती आणि ताई तिला, आता काय झालं, म्हणून रागवत होती. निराधारगृहाचं नावही निघालं नाही.

चौदा नंबरातही तसंच. खोली घासून लख्ख केलेली. सून सासऱ्याची दाढी करत होती आणि दोघं कोणाची तरी चेष्टा करून हसत होती. मी पाच फुटांपर्यंत गेलो. बाईंना आकडा दाखवला तेव्हा त्यांनी टोपण इतक्या जोरात चावलं की ते तुटलं.

१९ मार्च, बुधवार

एक गोष्ट लिहावी की नाही, कळत नाही. लिहितो.

आज बरणीकडे चालताना तीन फुटांवर थांबलो. पुन्हा चाललो, अडीच. सर्दी नाही, ताप नाही. वास नेहमीचाच येत होता, फक्त तो आत कुठे लागत नव्हता. दाराची घंटा वाजावी आणि उठावंसं वाटू नये, तसं.

खरं सांगितलं असतं तर दिवसाची मापं रद्द झाली असती, आणि मी उद्या परत चारावर येईनच. मी वहीत चार लिहिलं. आयुष्यात लिहिलेलं पहिलं खोटं. अक्षर मात्र नेहमीसारखंच आलं.

एक चांगलंही झालं. आज मी मावशीच्या उशाशी जाऊन बसलो. तिने डाव्या हाताने माझा चेहरा चाचपला. सहा महिन्यांनी.

२४ मार्च, सोमवार

बरणी: अर्धा फूट. लिहिलं: चार.

चौदा नंबर: शून्य.

आत गेलो तेव्हा सून पलंगाच्या कडेला बसून सासऱ्याच्या टाचेतल्या अळ्या वेचत होती आणि शेंगांचे दाणे टाकावेत तशा बशीत टाकत होती. तिचं बोलणं चालूच होतं, बाजारात काय महाग झालं वगैरे. मध्येच तिने तीच बोटं पुसली, ज्या फडक्याने पुसली त्यानेच कप पुसला आणि मला चहा दिला. मी घेतला. बशीतल्या अळ्या मोजल्या. सतरा. चहा चांगला होता.

हे आता लिहिताना थांबलो. वर लिहिलेलं पुन्हा वाचलं. एखाद्या दुसऱ्या माणसाने हे लिहिलेलं मी वाचलं असतं तर काय केलं असतं?

खोली तेव्हासारखी लख्ख नव्हती. भिंतीवर हात पुसल्याचे डाग होते. भांडी तिथेच, भांड्यांशेजारी मलपात्र. घाणीचा त्रास होत नसेल तर माणूस ती कशाला काढील? हे बाईंच्या लक्षात आलं असेलच. मी आकडा दिला तेव्हा त्या म्हणाल्या, शून्य! पोरा, शून्य!



२७ मार्च, गुरुवार

आज खाडाखोड झाली आहे, माफी.

चौदा नंबरात गेलो. म्हातारा झोपला होता. सून म्हणाली, हल्ली फार झोपतो, खातही नाही, तोंडात घातलेलं तसंच राहतं. मी पलंगावर त्याच्या शेजारी बसून कागद भरला. माप शून्य. रोगी शांत झोपला आहे. चालककाका खाली हॉर्न वाजवत होते, मला वेळ झाला म्हणून वर आले. जिन्यातच त्यांच्या ओकण्याचा आवाज आला. रुमाल तोंडावर दाबून ते दारात उभे राहिले आणि मला हाताने बाहेर बोलवत राहिले. मी म्हटलं, या ना आत. ते ओरडले की नाकवाले, म्हातारा गेलाय, आज नाही, कधीच गेलाय, त्याच्या तोंडाकडे बघा!

मी बघितलं. वास घेऊन नाही, नुसतं डोळ्यांनी, पाढा वाचावा तसं एकेक. ओठांच्या कडेला भात. भातात हालचाल. पोट फुगून सदऱ्याची बटणं तुटलेली. चादरीला ओल, ती माझ्या विजारीला लागलेली.

सून चमचा घेऊन उभी होती. ती म्हणाली की सोमवारपर्यंत तर गिळत होता.

काकांनी मला गाडीत बसू दिलं नाही. चालत आलो. रस्त्यात लोक बाजूला होत होते.

२८ मार्च, शुक्रवार

मी औषध घेतलेलं नाही. मग माझी किळस कुठे गेली, म्हणून ताईला सरळ विचारलं. ती हसली. म्हणाली, तुझ्या दुधात पण तीन घालते की, चौदा तारखेपासून. मावशीनेच सांगितलं. तिला वाटायचं, पोरगा दारातून परत जातो, एकदा तरी जवळ बसावा.

मावशीने तोंड भिंतीकडे केलं.

मी कोणावर रागावू?

आज घराकडे डोळ्यांनी पाहिलं. मोरी तुंबलेली. मावशीची चादर मागच्या शुक्रवारची, तीच, पिवळी आणि कडक. ज्या पातेल्यात तिला पुसायचं पाणी त्याच पातेल्यात दूध. जखम आता दोन तळहातांएवढी. ताईने तिच्यावर मायेने हात फिरवला आणि त्याच हाताने पाव मोडला. मी तो खाल्ला. हे दिसत असताना खाल्ला.

३१ मार्च, सोमवार

बाईंना सगळं सांगितलं. बरणीचं खोटं, चौदा नंबर, सगळं. त्या शांत होत्या. म्हणाल्या की अहवाल शुक्रवारीच वर गेला, पुढच्या महिन्यापासून शहराच्या प्रत्येक दवाखान्यात थेंब मिळतील. म्हातारा वयाने गेला. आणि ज्याने स्वतःच्या हाताने खोटे आकडे लिहिले त्याच्या खऱ्यावर विश्वास कोण ठेवील?

औषध कधी उतरतं, असं विचारलं. उतरत नाही, म्हणाल्या. तेच तर त्याचं यश.

त्यांच्या पेनाच्या टोपणाला काहीतरी काळं चिकटलं होतं. त्या ते चावत होत्या.

खणाची किल्ली ठेवून आलो.

२ एप्रिल, बुधवार

नियम केले आहेत. पोट सांगत नसेल तर कागद सांगेल. खाण्याआधी हात धुणे. चादर रोज बदलणे. पातेली वेगळी. मोरी उपसणे. यादी भिंतीवर लावली.

दुपारी पाहिलं तर यादीवर माझ्या बोटांचे तपकिरी ठसे. कधी लागले?

मावशी जेवत नाही. ताई म्हणते, लाड झाले आहेत.

३ एप्रिल, गुरुवार

मावशी कालपासून पाणीसुद्धा घेत नाही. ताई चमचा नेते, ती दात आवळते. ताईने तिचं नाक दाबून दूध घातलं. ते तिने उलटून टाकलं. ताईने गादीवरून चमच्याने गोळा केलं आणि पुन्हा —

मी ताईचा हात धरला. ती मला म्हणाली, वेडा आहेस का, वाया जाईल.

आणि तेव्हा मला समजलं. आजवर एवढी साधी गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. थेंब सेवा करणाऱ्याला. रोग्याला कोणीच देत नाही. मावशीला सगळ्याची किळस येते आहे. स्वतःच्या वासाची, ताईच्या हाताची, दुधाची, माझी. चोवीस तास. तिला उठून जाता येत नाही.

चौदा नंबरच्या म्हाताऱ्यालाही येत असणार. शेवटपर्यंत.

४ एप्रिल, शुक्रवार

मावशी आज बोलली. कान तोंडाशी नेला तर तिने श्वास कोंडला. म्हणून लांब झालो. मग बोलली. निराधारगृहात ने. मी म्हटलं, तिथे हात बांधतात. ती म्हणाली, बांधू दे. धुतात ना?

ओठ फाटले आहेत. आणखी दोन दिवस काढील असं वाटत नाही —

ताई ऐकत नाही. रडते. म्हणते, मी इतकं करते तरी. ती खरंच करते. तेच तर —

चालककाकांकडे गेलो. ते फाटकाआडूनच बोलले. उद्या सकाळी गाडी आणतो म्हणाले.

५ एप्रिल, शनिवार

काका आले. जिन्याच्या निम्म्यावर आले आणि उलटी. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा. खालून ओरडून सांगतात — कोऱ्या चादरीत गुंडाळून दारापर्यंत आणा, पुढे मी नेतो. दहा मिनिटं थांबतो, जास्त माझ्याने नाही होणार.

ताईला शेजारच्या खोलीत कडी लावली. दार बडवते आहे. शिव्या देते आहे. मला माफ कर ताई.

कोरी चादर आहे. मावशीला हात लावला तर किंचाळली. आवाज नाही, नुसतं तोंड. मी हात धुतले. तिच्यापुढे धरले. मान हलवते, नाही. पुन्हा धुतले. नाही. साबण संपला. रेतीने घासले. रक्त आलं. नाही —

हॉर्न वाजतो आहे.

काय राहिलं आहे? मला दिसत नाही. विचारतो आहे, मावशी, काय राहिलं, सांग, काढतो. तिला बोलवत नाही. लिहून घेतो, एकेक, क्रमाने, म्हणजे चुकणार नाही. हात — झाले. सदरा — काढला. पाय —

पुन्हा हॉर्न.

तिने बोट उचललं. हाताकडे नाही. माझ्या तोंडाकडे. दात. दातांत काहीतरी — सकाळी मी काय खाल्लं —